किडनी ट्रान्सप्लांटनंतर बीके व्हायरस निघाला, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, भाऊ ऐकत नाहीये

तासगावचा_धाकटा

नमस्कार मंडळी, तासगाव तालुक्यातनं लिहितोय. मोठ्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट गणपतीनंतर पुण्यात झालं, किडनी आईची. त्याआधी मिरजेला डायलिसिस चालू होतं, त्यामुळे ते दिवस परत नकोत एवढं एकच सगळ्यांच्या डोक्यात. ऑपरेशन चांगलं झालं, क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनी बिघडली की वाढतो) १.२ वर येऊन टिकलं, दादा बागेत चक्कर मारायला लागला, म्हणजे औषध मारायचं नसेल त्या दिवशी.

आता मागच्या महिन्यात क्रिएटिनिन १.५ आलं, नंतर १.६. ताप नाही, सूज नाही, लघवी व्यवस्थित, जेवण दाबून. डॉक्टरांनी व्हायरसच्या टेस्ट लावल्या तर सीएमव्ही म्हणून दुसरा एक व्हायरस आहे, त्याचा पीसीआर (रक्तातला व्हायरस मोजायची टेस्ट) "डिटेक्टेड" पण आकडा अगदी थोडा आणि बीके व्हायरस रक्तात १८,००० कॉपीज. त्यांनी मायकोफेनोलेट निम्मं केलं, टॅक्रोलिमस आहे तेवढंच ठेवलं (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या), म्हणाले बीकेवर वेगळी अशी गोळी नाही, तीन आठवड्यांनी परत पीसीआर करू, क्रिएटिनिन चढतच राहिलं तर बायोप्सी.

इथपर्यंत ठीक. पण घरी आल्यावर मामा म्हणाले की ट्रान्सप्लांटवाल्यानं गोळी कमी केली की किडनी रिजेक्ट होते, सगळ्या जगाला माहीत आहे, डॉक्टर कमी कशी करतात. आणि काल मला वहिनीकडनं कळलं की दादा गुपचूप जुन्याच डोसनं गोळ्या खातोय, घरात जुना स्टॉक होता ना. मी बोललो तर म्हणतो आईची किडनी आहे, मी रिस्क घेणार नाही. दुसरीकडे आईच्या डोक्यात कुणीतरी घातलंय की व्हायरस तिच्या किडनीतूनच आला, ती जेवत नाही नीट.

तर प्रश्न असे की गोळी कमी करणं हा खरंच उपचार आहे का, सीएमव्ही आणि बीके दोन्ही एकदम म्हणजे जास्त डेंजर का, आणि आईला काय सांगू? कुणी यातनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

---

मिरज_२०१५

धाकट्या भाऊ, आधी एक काम करा मग बाकीचं वाचा. आजच्या आज ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करून सांगा की पेशंट जुन्याच डोसवर आहे. का ते सांगतो. डॉक्टर तीन आठवड्यांनी पीसीआर बघणार, आकडा उतरला नसेल, किंवा वाढला असेल, आणि ते समजणार की निम्म्या डोसवरसुद्धा व्हायरस हटत नाही. मग ते अजून कापणार, कदाचित मायकोफेनोलेट पूर्ण बंद करून टॅक्रोची लेव्हल पण खाली आणणार. आणि तेव्हा दादानं घाबरून खरंच ऐकलं तर एकदम पूर्ण डोसवरनं एकदम तळाला. रिजेक्शनची भीती खरी तिथं आहे. म्हणजे मामा ज्याला घाबरतायत तेच ते स्वतःच्या हातानं ओढवून घेतायत.

आता उपचार. हो, बीकेमध्ये गोळी कमी करणं हाच उपचार आहे, आणि जगभर हाच आहे, पुण्यातल्या डॉक्टरांच्या मनातलं काही नाही. बीके हा व्हायरस आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो, साधी सर्दी झाल्यासारखं काहीतरी, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग तो किडनीत आणि लघवीच्या मार्गात गप्प पडून राहतो. ट्रान्सप्लांटनंतर आपली प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते म्हणून तो उठतो. त्याला मारणारं भरवशाचं औषध आजतागायत नाही, आयव्हीआयजी, लेफ्लुनोमाइड, सिडोफोविर वगैरे सगळं वापरून बघितलंय लोकांनी पण ठामपणे उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्याला आवरणारा एकच गडी, आपल्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांचे हात थोडे सोडायचे म्हणून डोस कमी. ताप येत नाही, दुखत नाही, हाच बीकेचा वाईटपणा, माणूस ठणठणीत आणि आत किडनी खराब होत असते. म्हणून तर सुरुवातीला दर महिन्याला रक्तात बीके बघायला सांगतात, नवव्या महिन्यानंतर दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं होईपर्यंत. १०,००० च्या वर आकडा गेला की किडनीत त्रास सुरू झाला असावा असं धरून चालतात. तुमचं १८,००० आहे, क्रिएटिनिन १.६, म्हणजे वेळेवर सापडलंय असं मी तरी म्हणेन. लाखात आकडा आणि क्रिएटिनिन ३ झाल्यावर सापडलेले पण बघितलेत मी ओपीडीच्या बाकड्यावर.

सीएमव्हीची गोष्ट उलटी. त्याला औषध आहे. माझं ट्रान्सप्लांट २०१५ चं, एटीजी म्हणून प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं इंजेक्शन दिलेलं म्हणून पहिले तीन महिने सीएमव्ही उठू नये यासाठी व्हॅलगॅन्सिक्लोविर चालू होतं. ते बंद झालं आणि पुढं पावसाळ्यात मला जुलाब सुरू झाले. गावातल्या डॉक्टरांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या, पाणी बदललं असेल म्हणाले, आणि आमच्याकडं कृष्णेला पाणी चढलं की पोट बिघडणं काही नवीन नाही त्यामुळे घरच्यांनाही ते पटलं. पण थांबेना, अंगात बारीक ताप, अशक्तपणा असा की जिना चढवेना. पुण्याला गेलो तर पांढऱ्या पेशी २,१०० वर, टॅक्रोची लेव्हल दुपटीच्या वर आणि क्रिएटिनिन २.१. आता लेव्हल का वाढली, मी तर गोळी एकही जास्त खाल्ली नव्हती? तर जुलाब लागले की टॅक्रोलिमस उलट जास्त शोषलं जातं, आतड्याचं अस्तर सुजलं की औषध अडवणारी जी यंत्रणा असते ती बसते. आणि टॅक्रो जास्त झालं की ते स्वतःच किडनीला त्रास देतं. मायकोफेनोलेटनं पण जुलाब होतात. म्हणजे एका जुलाबामागं तीन-तीन संशयित. सीएमव्हीचा पीसीआर केला तेव्हा खरा चोर सापडला, तरी कोलोनोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासलाच, कारण कधीकधी आतड्यात सीएमव्ही असतो आणि रक्तात काहीच दिसत नाही म्हणे.

मग शिरेतनं गॅन्सिक्लोविर, नंतर ४५० च्या गोळ्या, पीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत. त्या गोळीनं पांढऱ्या पेशी अजून पडतात म्हणून मधे पेशी वाढवायचं इंजेक्शन पण घ्यावं लागलं. डोस क्रिएटिनिन बघून ठरतो, त्यामुळे दुसऱ्या पेशंटच्या चिठ्ठीवरनं कधी घेऊ नका. गोळी तोडायची चुरायची नाही, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हातच लावायचा नाही.

दोन्ही एकदम निघाले म्हणजे डबल संकट असं नाही. दोघं एकाच कारणानं उठलेत, दाबणी जरा जास्त झालीय. तुमचा सीएमव्ही आकडा थोडाच आहे, त्रास काही नाही, तर मायकोफेनोलेट कमी केल्यावर तो आपोआप पण जाऊ शकतो, नाहीतर डॉक्टर गोळी चालू करतील. ते त्यांच्यावर सोडा. पण जुलाब, ताप, धाप, डोळ्यापुढं अंधुक असं काही झालं तर तीन आठवडे थांबू नका.

---

पीसीआरवाली

मी सांगलीत लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधावर बोलणार नाही, आकड्यांवर बोलते कारण आमच्या काउंटरवर रोज लोक या आकड्यांवरून रडतात किंवा पेढे वाटतात.

पीसीआरचा आकडा शुगरसारखा वाचायचा नाही. १८,००० चे पुढच्या वेळी १२,००० आले तर उतरला असं समजू नका आणि २५,००० आले तर वाढला असंही समजू नका. या टेस्टमध्ये एवढा फरक नुसता टेस्टचा असू शकतो. साधारण तिप्पट वाढ किंवा तिसऱ्या हिश्श्यावर घट झाली तर खरा फरक धरतात, आणि १८,००० चे १,८०० झाले तर मस्त. रिपोर्टवर "लॉग" म्हणून एक छोटा आकडा असतो बघा, तुमचा ४.२५ च्या आसपास असेल, डॉक्टर तोच बघतात. तो ४.२५ चा ३.२५ झाला म्हणजे दहापट कमी.

दुसरं म्हणजे लॅब बदलू नका. एकदा पुण्यात एकदा सांगलीत एकदा अजून कुठं स्वस्त मिळालं म्हणून तिथं असं केलंत तर आकडे एकमेकांशी जुळणारच नाहीत. प्लाझ्मावर केलेली टेस्ट आणि पूर्ण रक्तावर केलेली टेस्ट वेगळी येते. कुठं कॉपीज लिहितात, कुठं आययू. सॅम्पल इथं द्या हरकत नाही, बरेच लोक इथंच देतात आणि ते पुढं मोठ्या लॅबला जातं, फक्त दर वेळी तीच लॅब आणि तीच टेस्ट. आणि लघवीतला बीके पीसीआर बघून हादरू नका, लघवीत कोटीत आकडा येतो कधीकधी, निर्णय रक्तावर घेतात.

अजून एक, टॅक्रो लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, रात्रीच्या गोळीपासून बारा तास मोजून. गोळी खाऊन, नाष्टा करून आरामात अकरा वाजता येतात आणि मग लेव्हल १५ आली म्हणून घाबरतात. गोळी डबीत घालून सोबत आणा, रक्त दिलं की तिथंच पाण्याबरोबर घ्या.

---

शेतीमाझी

भावा टेन्शन घिऊ नको. आमच्या चुलत्याला कावीळ झालती तवा गुळवेलीचा काढा दिला, आठ दिवसात उठला. गुळवेल, तुळस, आलं, थोडी हळद आपली सांगलीचीच. प्रतिकारशक्ती वाढली की व्हायरस पळतोय बघ. इंग्लिश औषधं बंद करू नको पण हे जोडीला चालू कर, नुकसान तर काय नाय.

---

कोरेगावची_काकू

शेतीमाझी, तुमचा हेतू चांगला आहे पण नुकसान आहे, भरपूर आहे. ट्रान्सप्लांटच्या माणसाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, नाहीतर शरीर ती किडनी परकी म्हणून तिच्यावरच तुटून पडतं. डॉक्टर मोजून मापून, रक्त तपासून तिला थोडी ढील देतायत आणि तुम्ही काढ्यानं अंदाजे देणार. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांना लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्या होत्या. आणि टॅक्रोचं काय, पपनस खाल्लं तरी त्याची लेव्हल वर जाते, बुरशीची गोळी घेतली तरी जाते, टीबीचं रिफाम्पिसिन घेतलं की खाली पडते. पाल्यात मुळात काय आहे ते कुणी मोजलंय? जेवणातली हळद आलं खा की, कोण नको म्हणतंय, काढा नको.

धाकट्या, मी आईबद्दल लिहायला आलेय. मी स्वतः डोनर आहे, मिस्टरांना किडनी दिली. त्यांना नंतर सीएमव्ही झाला तेव्हा माझ्या जावेनं अगदी हेच बोलून दाखवलं होतं, तुझ्यातनंच गेलं म्हणून. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते काही गोड बोलले नाहीत, म्हणाले किडनीबरोबर व्हायरस जाऊ शकतो, हे खरं आहे. पण सीएमव्ही आपल्या देशात दहातल्या नऊ मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, मिस्टरांच्या अंगात पण आधीपासून होता, तपासणीच्या फाईलमध्ये दोघांचंही सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. बीके तर त्याहून साधा. असे व्हायरस असलेले डोनर नाकारायचे ठरवले तर देशात एक ट्रान्सप्लांट होणार नाही. आईची किडनी नसती आणि दुसऱ्या कुणाची असती तरी तिच्यातही हेच निघालं असतं. तुमच्या पण फाईलमध्ये दादाचा रिपोर्ट असेल, काढा आणि आईला दाखवा, बायकांना नुसतं समजावून सांगितलेलं पुरत नाही, कागद दाखवा. आणि पुढच्या ओपीडीला आईला सोबत न्या. तिची पण वर्षाची तपासणी करायची असतेच, बीपी, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, डोनरचं कुणी बघत नाही नाहीतर. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की जेवेल ती.

आणि दादाबद्दल. तो हट्टी नाहीये, घाबरलाय. आमच्याकडे पण गोळी हा देवासारखा प्रकार झाला होता, सकाळी ९ रात्री ९, अलार्म, एक मिनिट इकडेतिकडे नाही. पहिल्या दिवसापासून हॉस्पिटलमध्ये हेच मनावर ठसवतात की गोळी चुकली तर किडनी गेली. आणि मग एक दिवस तेच डॉक्टर म्हणतात निम्मी करा. माणूस गोंधळणारच. त्याला रागावून उपयोग नाही, त्याला डॉक्टरांकडून हे वदवून घ्या की रिजेक्शन व्हायला लागलं तर कसं कळणार आणि मग काय करणार. तो प्लॅन ऐकला की धीर येतो.

---

मिरज_२०१५

काकूंनी बरोबर सांगितलं. त्यात भर घालतो, डोस कमी केल्यावर रिजेक्शनचा धोका शून्य नसतो, मामांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. म्हणून तर डोस कमी केल्यावर क्रिएटिनिन दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बघतात, काही ठिकाणी अँटिबॉडीची टेस्ट पण करतात, डीएसए म्हणतात तिला. बायोप्सीचं नाव आलं की घाबरू नका. बीके आणि रिजेक्शन सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्यापैकी सारखे दिसतात आणि दोघांचा इलाज एकदम उलटा, एकात दाबणी कमी करायची दुसऱ्यात वाढवायची. एसव्ही४० नावाचा एक रंग लावून व्हायरस ओळखतात. दोन तुकडे घेतात कारण बीके ठिपक्या-ठिपक्यांनी पसरतो, एका तुकड्यात सुटू शकतो. त्यामुळे डॉक्टर बायोप्सी करू म्हणाले तर करा, अंदाजावर चालण्यापेक्षा बरं.

आणि आधीच सांगून ठेवतो, बीके उतरायला वेळ लागतो, दोन-चार महिने सहज, काहींना वर्ष. क्रिएटिनिन परत १.२ होईलच असं नाही, १.४-१.५ वर थांबलं तरी चालतंय. दादा दर रिपोर्टला १.२ शोधत बसला तर वेडा होईल.

---

तासगावचा_धाकटा

सगळ्यांचे आभार, खरंच. कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला. आधी दोन वाक्यं ऐकवली मला, मग म्हणाल्या बरं झालं सांगितलं, आजपासून निम्मा डोस, आणि पीसीआरची तारीख पुढं ढकलली, आजपासून तीन आठवडे धरून. जुना स्टॉक वहिनीनं कपाटात कुलपात ठेवलाय. दादाशी डॉक्टर स्वतः फोनवर बोलले. त्यानं विचारलं की किडनी गेली तर? ते म्हणाले व्हायरस तसाच ठेवला तर जास्त लवकर जाईल. एवढं ऐकून गप्प झाला, रात्री निम्मी घेतली माझ्यासमोर. मामा अजून फुगलेत, ते असू दे.

आईची फाईल काढली. सीएमव्ही आयजीजी दादाचं आणि आईचं दोघांचं पॉझिटिव्ह, काकू म्हणाल्या तसंच. आईनं कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला, वाचता येतं तिला पण इंग्लिश ना, मग मला विचारलं ह्यात माझं नाव कुठलं आणि त्याचं कुठलं. पुढच्या वेळी येते म्हणाली पुण्याला.

आता अजून दोन गोष्टी विचारतो. माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, आम्ही सगळे एकाच घरात. त्याचे डोस चालू आहेत, आशाताई म्हणाल्या पोलिओचे थेंब पण आहेत. दादाजवळ बाळ द्यायचं का? आणि शेजारच्या पोराला कांजिण्या आल्यात, ते पोरगं आमच्याकडंच पडीक असतं.

---

कोरेगावची_काकू

कांजिण्यांचं आधी. ते पोरगं सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरात नको, त्याच्या आईला स्पष्ट सांगा, राग आला तर येऊ दे. दादाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का हे आईला विचारा आणि कोऑर्डिनेटरला आजच कळवा की पोरगं घरात येऊन गेलंय. आल्या नसतील तर लवकर कळलं तर इंजेक्शन किंवा गोळ्या देता येतात, उशीर झाला की फायदा कमी. आल्या असतील तरी तोच व्हायरस पुढे नागीण होऊन निघतो, ट्रान्सप्लांटवाल्यांना जास्त. आमच्या मिस्टरांना पाठीवर निघाली होती. आमच्या गावात नागीण उतरवणारे आहेत, गेरू लावतात, मंत्र म्हणतात, लोक आले होते घेऊन जायला. मी म्हटलं तुम्ही नंतर या, आधी गोळी सुरू करू दे. पुरळ आल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर चांगलं, आणि ट्रान्सप्लांट असेल तर तेवढंही थांबू नये.

---

पीसीआरवाली

बाळाला सगळे डोस द्या, चुकवू नका, बाळाचे डोस झाले की दादाचंच संरक्षण. फक्त तोंडातून द्यायचे जे थेंब आहेत, पोलिओ आणि रोटा, त्यांच्यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शीमधून बाहेर पडतो. दादानं बाळाला घ्यावं, खेळवावं, लंगोट आणि शी-शू मात्र दुसऱ्या कुणीतरी करावी आणि घेतल्यावर हात साबणानं धुवावेत. थेंबांऐवजी सगळं पोलिओचं इंजेक्शनच द्यायचं का हे बाळाच्या डॉक्टरांना विचारून बघा, दादाचं ट्रान्सप्लांट झालंय हे सांगून.

दादाला स्वतःला जिवंत लस कुठलीच नाही. फ्लूचं इंजेक्शन चालतं, दर वर्षी, आणि घरातल्या बाकीच्यांनी पण घ्या. नागिणीची जी नवीन लस आलीय ती जिवंत नसलेली आहे, पण आत्ता बीके चालू असताना कधी घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा.

---

मिरज_२०१५

आणि घरात कुणाला ताप आला म्हणून दादाला पण डायक्लो नाहीतर कॉम्बिफ्लॅम देऊ नका, पॅरासिटामॉल फक्त, तेही १०० च्या वर ताप असेल तर आधी पुण्याला फोन. पीसीआर आला की इथं टाका आकडा, लॉगसकट.